आईचा चार मैलांचा नवस

माझ्या आईला नुसतं चालताना कोणी पाहिलं नव्हतं. घरात तिचे पाय दिवसभर फिरतच असत, ओट्यापासून मोरीपर्यंत, मोरीपासून तुळशीपर्यंत, आणि पापड-वड्यांच्या दिवसांत तर गच्चीच्या जिन्यावर कितीदा तरी. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तिच्या हातात काहीतरी असायचंच. हळदीकुंकवाचं ताट, दळणाचा डबा, भाजीची पिशवी, नाहीतर माझा हात. पुसदला आम्ही राहत होतो त्या घरांच्या ओळीला सगळे 'लाईन' म्हणत. एकाला एक लागून सहा घरं, आणि सहाही घरांतले पुरुष कुठल्या ना कुठल्या कचेरीत. दहाच्या सुमारास सायकली निघून गेल्या की लाईन बायांच्या ताब्यात यायची. स्टोव्हचा भरभर आवाज, कोणाच्या तरी रेडिओवरची गाणी, खलबत्ता, आणि भिंतीपलीकडून "वहिनी, विरजण आहे का हो?" अशी हाक. बाहेर जाऊ नका असं कुठल्याच बाईला कोणी सांगितलेलं नव्हतं. फक्त बाहेर जायला काम लागायचं. काम नसताना रस्त्यावर दिसणारी बाई म्हणजे एकतर माहेरी निघालेली, नाहीतर घरात भांडून आलेली, अशी सरळ समजूत होती.

खाण्यापिण्याचंही तसंच. आई राळेगावकडची, तिच्या हाताला तिखटाची आणि गोडाची सारखीच चव. पाटोडीचा रस्सा केला की तीन घरांपलीकडं वास जायचा, आणि पुरणपोळीच्या दिवशी शेजारच्या मंदाकाकू काहीतरी निमित्त काढून भिंतीवरून डोकावायच्याच. लाईनमध्ये कोणाकडंही गेलं की आधी हातावर साखर पडायची. कोणाचा मुलगा पास झाला, पेढा. कोणाची बदली थांबली, पेढा. कोणाकडं सत्यनारायण, तर शिरा असा की तूप कोपरापर्यंत ओघळावं. नाही म्हणायचं नसतं. गोड नाकारणं म्हणजे त्या घराचं शुभ नाकारणं. आणि या सगळ्याच्या मधेमधे आईचे उपास, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. त्या दिवशी साबुदाण्याची उसळ, उकडलेले आलू आणि गोड मिट्ट चहा. देवासाठी उपाशी राहणाऱ्या आमच्या आईच्या पोटात त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्तच जायचं, हे मला आज कळतं. तेव्हा उपासाची उसळ आमच्याही ताटात पडायची, त्यामुळं मी कायम देवाच्या बाजूची होते.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आईला फार तहान लागायला लागली. तांबेच्या तांबे पाणी प्यायची. चप्पल चावून पायाच्या अंगठ्याजवळ फोड आला होता, तो दीड महिना झाला तरी भरेना. हळद लावून झाली, कडुलिंबाचा पाला लावून झाला. शेवटी ज्या गोष्टीमुळं बाबांनी दवाखाना गाठला ती सांगायला आईला लाज वाटत होती. मोरीच्या तोंडाशी मुंग्या लागत होत्या. ती रोज सकाळी त्यांच्यावर राख टाकायची आणि कोणाला बोलायची नाही. एका सकाळी बाबांनीच ते पाहिलं.

डॉक्टर म्हातारे होते, मोठ्यानं बोलायचे. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात आईच्या लघवीचे थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. मी बाकावरून बघत होते. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि शेवटी नळीत विटेसारखा लाल गाळ बसला. मला तो खेळ इतका आवडला की मी टाळी वाजवली. बाबांनी डोळे वटारले.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो. गोड बंद, उपास बंद. आणि रोज चार मैल चालायचं."

"कुठं?" आईनं विचारलं.

"कुठंही."

"पण कायले?"

"कायले म्हणजे? चालायसाठी चालायचं!"

आई बाबांकडं बघायला लागली. बाबा डॉक्टरांकडं. गोळ्या दोघांनाही समजल्या होत्या. गोड बंद हेही कसंबसं समजलं. पण चालायसाठी चालायचं, ही गोष्ट त्या दोघांच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

घरी आल्यावर बाबांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हे लाईनमध्ये कोणाला कळता कामा नये. सुनंदाचं जमायचं आहे." सुनंदा म्हणजे माझी ताई. तिला स्थळं बघणं सुरू होतं, आणि साखर रक्तातून येते असं सगळे म्हणत. आईला साखर म्हटलं की मुलीलाही आज ना उद्या, असा हिशेब लोक लगेच करणार. ताई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही. गंमत बघा, आईच्या पायाचा फोड आईचा राहिलाच नाही, तो ताईच्या लग्नाचा झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आईला घेऊन फिरायला निघाले. बाबा दहा पावलं पुढं, आई डोक्यावर पदर घेऊन मागं. पूस नदीच्या पुलापर्यंत जाईस्तोवर तिघांनी थांबवून विचारलं, कोणी वारलं का म्हणून. चौथ्यानं सायकलवरून उतरून "काही लागलं तर सांगा" असं म्हटल्यावर बाबा मागं वळले, ते पुन्हा निघाले नाहीत. मग आई पिशवी घेऊन एकटीच जायला लागली. पहिल्या दिवशी सांबार घेऊन आली. कोथिंबिरीला आमच्याकडं सांबार म्हणतात. दुसऱ्या दिवशी लिंबं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सांबार. आठवडाभर आम्ही सांबारवडी खाल्ली, ती मला आजही आवडते. पण एका घराला रोज किती सांबार लागणार? मंदाकाकूंनी एका सकाळी भिंतीवरून विचारलंच, "वहिनी, तुम्ही रोज कुठं जाऊन राह्यल्या हो?"

आई तेव्हा दाराशी उभी होती, पायात चप्पल, हातात रिकामी पिशवी. मी तिच्या शेजारी. तिनं पिशवीची घडी घातली आणि ती म्हणाली, "नवस हाये."

"कोणाचा?"

"टेकडीवरच्या देवीचा."

मंदाकाकूंचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी तिथल्या तिथं हात जोडले. गावाबाहेर दोन मैलांवर एका उघड्या टेकडीवर देवीचं लहानसं ठाणं होतं, वर्षातून एकदा तिथं जत्रा भरायची. जाऊन-येऊन बरोबर चार मैल. आईनं ते आधीच मनात मोजून ठेवलं होतं की त्या क्षणी देवीच तिच्या तोंडी आली, हे मी तिला पुढं कितीदा तरी विचारलं. ती नुसती हसायची.

त्या दिवसापासून रस्ता मोकळा झाला. जी बाई रिकामी फिरते म्हणून लोक वळून बघत होते, तिला आता लोक वाट देत होते. कोणी नारळ हातात द्यायचं, "आमच्या नावानं वाहा." कोणी फुलं द्यायचं. एकच पंचाईत झाली. तिसऱ्या दिवशी मंदाकाकूंनी आईच्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, चपला? नवसाले तं अनवाणी जा लागते!" आणि डॉक्टरांनी तर बजावलं होतं की या पायानं अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. मग आम्ही तोड काढली. आई भक्तिभावानं अनवाणी निघायची, मी शाळेच्या दप्तरात तिच्या चपला घेऊन मागून, आणि पूल ओलांडला की चिंचेच्या झाडाआड ती चपला घालायची. येताना पुन्हा झाडाआड काढायची. मी तेरा वर्षांची होते. आईबरोबर एखादं गुपित असणं ही तोवरच्या माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. घरात ती कधी गाणं म्हणायची नाही, पण पुलापलीकडं गेली की गुणगुणायची. तिला पाखरांची नावं माहीत होती. राळेगावला लहानपणी ती बांधावरून कशी पळायची, कापसाच्या गंजीवरून कशी उडी मारायची, हे सगळं मला त्या रस्त्यावर कळलं. माझ्या आईला पळता येत होतं हेच मला माहीत नव्हतं.

एका सकाळी आई झाडाआड चपला घालत असताना मागून आवाज आला, "काहून वो बाई, चपला घालाले झाड पाह्यजे का?"

डोक्यावर सीताफळांची पाटी घेतलेली एक बाई उभी होती. घेरदार घागरा, हातभर पांढऱ्या बांगड्या. टेकडीमागच्या तांड्यावरून ती बाजाराला निघाली होती. जमनीबाई तिचं नाव. आई आधी गडबडली. मग काय वाटलं कोण जाणे, जे तिनं लाईनमध्ये कोणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं या अनोळखी बाईला सांगून टाकलं. साखर, डॉक्टर, खोटा नवस, चपला. जमनीबाईनं पाटी खाली ठेवली, आणि हसली. अशी हसली की तिला चिंचेचा बुंधा धरावा लागला.

"चालाले डाक्टरची चिठ्ठी!" ती म्हणाली. "याडी वो! आमच्या तांड्यावर सांगतलं तं कोणाले पटन नाही." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

मग ती तिथंच दगडावर बसली आणि घागरा जरा वर करून तिनं आपले गुडघे दाखवले. दोन्ही सुजलेले. "हे पाय. त्याच डाक्टरकडं गेलती मी. तो म्हणे, ओझं उचलू नको, घरी बस. घरी बसून माही लेकरं काय खातीन? तुमाले चाल म्हणते, तं तुमी लाजता. मले बस म्हणते, तं मले बसता येत नाही. डाक्टरनं आपल्या दोघीच्या चिठ्ठ्याच बदलवल्या पाह्यजे."

त्यावर दोघी हसत सुटल्या. मीही हसले, पण मला त्यातलं अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. त्या दिवशी आईनं जमनीबाईच्या पाटीतली निम्मी सीताफळं आपल्या पिशवीत घेतली आणि माघारी फिरून पुलापर्यंत वाहून आणली. "मले चालाचंच हाये," ती म्हणाली, "तं रिकामी कायले चालू?" पुढं सीताफळांचा मोसम संपेपर्यंत हे रोजचंच झालं. आमच्या परतीच्या वेळी जमनीबाई टेकडीच्या पायथ्याशी आमच्यासाठी थांबायची आणि अर्धं ओझं आईच्या हाती द्यायची. सीताफळाचा गर पोटात जाऊ द्यायचा नाही हे आईला माहीत होतं, पण वास घ्यायला डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती.

दिवाळी झाली आणि ताईचं जमलं. मुलगा यवतमाळचा, शाळेत मास्तर. त्याच्या आई एकदा येऊन ताईला बघून गेल्या होत्या. जाताना मंदाकाकूंनी त्यांना दारातच गाठलं आणि आईच्या नवसाची सगळी कथा सांगितली. अनवाणी, रोज, उन्हातान्हात. बाईंच्या मनावर त्याचा असा ठसा उमटला की त्यांचा होकार आला तो या वाक्यासह, 'अशा श्रद्धाळू घरातली मुलगी आमच्याकडे येते हे आमचं भाग्य.' बाबांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं. आईनं खाली मान घातली. आता नवस तिच्या चालण्यापुरता राहिला नव्हता.

साक्षगंधाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. आलूपोह्यांचा वास, उदबत्तीचा वास, अत्तराचा वास. ताई मोरपंखी साडीत इतकी देखणी दिसत होती की मला तिची ओळख पटेना. अंगठ्या झाल्या, ओटी भरली. मग विहीणबाईंनी पेढ्यांचं ताट घेतलं. ठेंगण्या, भारी अंगाच्या बाई. चार पावलं टाकली की दम लागायचा, पण हसणं मोकळं. त्यांनी पेढा उचलला आणि आईच्या तोंडाजवळ नेला. "घ्या विहीणबाई. देवीनं तुमचं ऐकलं. आता उद्या सकाळी आपण सगळ्या जाऊन तुमच्या नवसाचं उद्यापन करू. लेकीचं जमलं, तुमचे पाय सुटले."

मंदाकाकूंनी टाळी वाजवली. "मीही तेच म्हणत होती!"

मी आईकडं बघत होते. एवढे दिवस तिनं किती तरी पेढे पदराआड घेऊन मला दिले होते, ती युक्ती इथं चालणार नव्हती. पण मला वाटतं पेढ्यापेक्षा तिला 'पाय सुटले' हे शब्द लागले. उद्यापन झालं की नवस संपणार. नवस संपला की पुलापलीकडचा रस्ता, पाखरं, ते गुणगुणणं, सगळं संपणार. तिनं हलकेच विहीणबाईंचा हात धरला.

"मी नवस केलाच नाही," ती म्हणाली. "मले साखरेचा आजार हाये. डॉक्टरनं चालाले सांगतलं. म्हणून मी देवीचं नाव घेतलं."

बाबा बसल्या जागी पांढरे पडले. ताईच्या हातातली ओटी सांडली, गहू घरंगळत गेले. विहीणबाईंनी पेढा ताटात परत ठेवला. "जरा आत येता?" त्या आईला म्हणाल्या, आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. गहू वेचायचं निमित्त करून मी दारापर्यंत पोचले.

"हे आधी सांगायला पाहिजे होतं विहीणबाई," त्यांचा आवाज चढलेला होता.

"हो. सांगाले पाह्यजे होतं. चुकलं माझं."

"देवाच्या नावानं खोटं बोललात."

"देवीची माफी मी रोज मागते. रोज तिच्यापाशीच जाते ना."

"आणि उद्या माझ्या सुनेला हाच आजार झाला तर मी काय करायचं?"

आईनं आधी त्यांच्याकडं पाट सरकवला. मग म्हणाली, "तं तुम्ही तिले चालू द्या. कुठं जाते, कायले जाते, विचारू नका. दुसरं काही नको मले."

स्टोव्हवर चहा उतू गेल्याचा वास आला, तरी कोणी उठलं नाही. मग विहीणबाईंचा अगदी वेगळा, खाली आलेला आवाज ऐकू आला.

"किती चालता?"

"चार मैल."

"रोज?"

"रोज."

"मी आमच्या चौकापलीकडं गेले त्याला वीस वर्षं झाली असतील," त्या म्हणाल्या. "सगळं घरपोच येतं ना. गाडीवाला येतो, सोनार येतो, शिंपीसुद्धा घरी येतो. जाऊ कशाला?" आणि मग, अगदी हळू, "खरंच तिथवर जाता तुम्ही? थकत नाही?"

"पह्यले थकत होती. आता नाही थकलं तं करमत नाही."

बाहेर बाबा घड्याळाकडं बघत होते, मुलगा जमिनीकडं. आतून आधी एक हसणं ऐकू आलं, मग दुसरं. विहीणबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "उद्यापन रद्द. सकाळी आम्ही दोघी टेकडीवर जाणार आहोत. लग्नाची तारीख पुरुषांनी काढून ठेवावी."

बाबांनी अख्खं ताट भरून पेढे एकट्यानं वाटले, आणि आईच्या समोरून जाताना ताट डोक्यावर उचलून धरलं. त्यांचा तो विनोद होता. बाबांनी विनोद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

सकाळी दोघी निघाल्या, मागून मी. दोघींच्या पायांत चपला होत्या आणि हात रिकामे होते. मंदाकाकू दारात उभ्या होत्या, त्यांना रात्रभर झोप लागली नसावी. "आता कुठं वहिनी?" त्यांनी विचारलं. "फिराले," आई म्हणाली, आणि चालायला लागली. विहीणबाई पुलावर दोनदा बसल्या, टेकडीच्या पायथ्याशी तीनदा. वर पोचल्यावर त्या देवीपुढं टेकल्या आणि बराच वेळ खाली पसरलेलं पुसद बघत राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "केवढं मोठं आहे हो बाहेर."

महिन्याभरातच मंदाकाकूही यायला लागल्या, पाठदुखीसाठी. मग कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई. आईची साखर काही गेली नाही. पुढं तिला सुयाही टोचून घ्याव्या लागल्या. पण नळीतला विटकरी रंग हिरव्यावर आला, अंगठा भरला, आणि ती ऐंशीच्या पुढं जगली, शेवटच्या वर्षापर्यंत आपल्या पायांनी. जमनीबाईचे गुडघे मात्र कोणी बरे केले नाहीत. दोन मोसमांनंतर पाटी घेऊन तिची सून यायला लागली, आणि आई तिचंही ओझं वाटून घ्यायची. माझ्या गावात आता बायांसाठी फिरायचा रस्ता बांधलाय, कडेला बाक आहेत, मनगटावरची घड्याळं पावलं मोजतात. तिथं फिरणाऱ्या पोरींना ही गोष्ट सांगितली तर त्यांना ती खोटी वाटते. बरंच आहे.

ताईच्या लग्नाआधी यवतमाळहून आईच्या नावानं एक कार्ड आलं. आईला वाचायला चष्मा लागायचा, तो सापडेना, म्हणून मी वाचून दाखवलं. विहीणबाईंनी मोठ्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'आज सकाळी मी एकटी निघाले. चौक ओलांडला, पार कॉलेजच्या मैदानापर्यंत जाऊन आले. छाती सारखी धडधडत होती, कोणी विचारलं तर काय सांगू म्हणून. पण विहीणबाई, कोणी विचारलंच नाही.'

आईनं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग पदराला हात पुसून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "लिही. म्हणाव, आता तुम्हीच दुसरीले विचारा, फिराले येतेस काय म्हणून."